प्लस-मायनस नसलेला कपॅसिटर

नव्वदच्या आसपास जळगावात आम्हा दोघा भावांचं स्पीकरचे खोके बनवायचं दुकान होतं. दुकान दोघांचं, शब्द मात्र भाऊंचा. मी धाकटा, माझं म्हणणं ऐकून घ्यायचे आणि बाजूला ठेवायचे.

दोंडाईचाला दिलेल्या आमच्या अक्काच्या सासरी त्या श्रावणात खानदेशातली कानबाई देवी बसणार होती. विसर्जनाच्या मिरवणुकीला आमचे खोके लावायचे, असं अक्कानंच सासूला सांगितलं होतं. माझे भाऊ बनवतात, असं तिनं गावभर केलं होतं. त्या घरात मान वर करून बोलायची अशी संधी तिला क्वचितच मिळायची.

खोक्यातल्या ट्वीटरला, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, जाड आवाजापासून वाचवायला कपॅसिटर लागतो. आवाजाचा करंट दोन्हीकडे ये-जा करतो, म्हणून तो प्लस-मायनस नसलेलाच हवा. तसला जळगावात मिळेना आणि मुंबईहून मागवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "भाऊ, दुप्पट क्षमतेचे दोन साधे, प्लस-मायनसवाले घेऊ आणि मायनसला मायनस जोडू. काम भागेल."

"जठे एक चालस तठे दोन कशाले?" म्हणत भाऊंनी दोन्ही खोक्यांत एकेकच साधा कपॅसिटर लावला. पाठची फळकुटं ठोकून वर रेक्झिनही चिकटवलं. मग टेप हळू आवाजात लावून म्हणाले, "वाजी राह्यना ना?" वाजत होता. हळू आवाजात तो वाजणारच होता.

मिरवणूक चौकात आली, पोरांनी आवाज वाढवला आणि काही वेळात दोन्ही खोक्यांतून जळका वास आला. कपॅसिटर फुटले, मागोमाग ट्वीटर गेले. नाच थांबला. सासू अक्काकडे वळून म्हणाली, "बठ्ठा गावमा आम्हनी शोभा व्हयनी." अक्का खाली बघत उभी राहिली.

भाऊंनी खोका उघडला, फुटका कपॅसिटर हातात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हाऊ धाकलानी लायेल शे."

स्वतः लावलेला कपॅसिटर त्यांनी माझ्या नावावर टाकला, तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भर चौकात सख्खे भाऊ भांडले असते, तर त्याचीही बोलणी अक्कालाच खावी लागली असती. मी गिळून टाकलं. भाऊंना ते ठाऊक होतं, याचाच राग आजही जात नाही.

राखीला अक्का आली. माझ्या हातावर राखी बांधताना हळूच म्हणाली, "तू भाऊनं सांगनं तरी ऐकी लेवानं व्हतं रे." शेजारी भाऊ बसले होते. ते आरामात पेढा खात राहिले.

त्यानंतर दुकानात प्लस-मायनस नसलेलेच कपॅसिटर येऊ लागले. भाऊ स्वतः निवडून आणायचे. गिऱ्हाइकाला खोका उघडून दाखवायचे आणि समजावायचे, "इथं साधा चालत नाही. आमच्या धाकट्यानं एकदा लावला होता."

मी समोरच बसून सोल्डर करत असायचो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसायचं.