पोतनीसांनी निवडलेली सायकल

शरच्चंद्र पोतनीसांना आयुष्यात एकच काम मनापासून जमलं, ते म्हणजे निवडणं. जोडणं, बसवणं, वापरणं, पुसून ठेवणं ही कामं त्यांनी इतरांसाठी सोडली. घरात मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी उन्हाळाभर दुकानं पालथी घातली आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी कैरीची चटणी पाट्यावर वाटली. बायको निवडतानासुद्धा जबलपुरातल्याच कांचघर भागातल्या या मुलीला ते दोनदा बघून आले, दुसऱ्या खेपेला तिला अंगणात चालून दाखवायला लावलं आणि निघताना "बघू" म्हणाले. हा शब्द त्यांच्या घराण्यात मुरलेला होता. पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत जबलपूरला आले, हे ते नव्या माणसाला चहा येण्याआधीच सांगत. पूर्वजांनी इथे येऊन केलं काय, असं कुणी विचारलं, तर चहा आलेला असे.

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर निवडण्यासारखं फारसं काही उरलं नाही. तेव्हा ते बापूसाहेबांच्या सायकल गटात शिरले. बापूसाहेब म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष. दर रविवारी सात-आठ निवृत्त माणसं हेल्मेट घालून नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत जात, तिथे पोहे-जलेबी खात आणि जितकी चरबी घालवली तितकी भरून परत येत. बापूसाहेबांकडे विदेशी गिअरची सायकल होती. तिच्यापेक्षा महाग घेणं पोतनीसांच्या जिवावर आलं आणि स्वस्त घेणं इभ्रतीवर. म्हणून त्यांनी तिसरी वाट काढली. गिअर हे दुबळ्यांचं लक्षण आहे, असं जाहीर करून टाकलं.

"खरा रायडर फिक्स्ड गिअर चालवतो," ते पुलावर म्हणाले. मोबाईलवर पाहिलेल्या व्हिडिओंच्या बळावर त्यांनी समजावूनही दिलं. या सायकलीत पायडल आणि मागचं चाक एकमेकांना पक्कं जखडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. उतारावर पाय थांबवून आरामात बसायची सोय नाही. थांबायचं तर पायडल मागे रेटून थांबायचं.

ज्या माणसानं लग्न झाल्यापासून पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाही, त्याला पायांना क्षणाची उसंत न देणारी सायकल हवीशी झाली.

आता फ्रेम. ती त्यांना घरातच सापडली. प्रमोदिनीबाईंची काळी, दांड्याची सायकल. त्यांचे वडील तिच्यावरून जन्मभर कारखान्यात गेले. बाईंनी लहानपणी दांड्याखालून पाय घालून कैंची मारत तिच्यावरच शिकून घेतलं. वडील गेल्यावर ती त्यांच्याकडे आली आणि साठीला टेकल्या तरी रोज सकाळी दांड्यावरून पाय टाकून त्या कांचघरला जात. तिथे त्यांची आई, इंदिराबाई, भावाकडे असते. भाऊ पहाटेच्या पाळीला जातो, वहिनी क्षमा शाळेत शिकवायला जाते, आणि कामवाली उन्हं वर आल्यावर उगवते. मधल्या वेळात म्हातारीला उठवणं, धुणं, औषध देणं, पेज भरवणं बाईंकडे. त्यांना उशीर झाला की म्हातारी स्वतःच उठू बघते. हे सगळ्या घराला माहीत होतं, पोतनीसांनाही.

"अहो, माझी सायकल कुठाय?"

"बंडू मिस्त्रीकडे. ओमतीच्या दुकानात."

"कोणाला विचारून नेली?"

"अगं, अशी फ्रेम आता मिळत नाही! मागच्या चाकाच्या खाचा बघ, आडव्या आहेत. चाक मागे ओढलं की चेन ताणून बसते. जग शोधून राहिलंय अशी फ्रेम."

"जगाला शोधू द्या. मी उद्या आईकडे कशी जाऊ?"

"मी सोडतो ना स्कूटरनं!"

पहिल्या दिवशी त्यांनी सोडलं. आधी चहा झाला, मग पेपर, मग त्यांचं पोट साफ व्हायची वाट बघणं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ऑटो घे. अच्छा, येताना तिकडून पपई घेऊन ये." तिसऱ्या दिवसापासून विषय संपला.

सुट्या भागांचे खोके कुरिअरनं येऊ लागले. जेवणाच्या टेबलावर भाजीच्या पातेल्याशेजारी दातेरी चक्रं मांडली जाऊ लागली.

"पुढे सेहेचाळीस दात घ्यावे की अठ्ठेचाळीस?" पोतनीस घास हातात धरून विचारत. "अठ्ठेचाळीसला वेग येईल, पण चढावर जड जाईल."

"माझ्या आईला एकही नाही," बाई म्हणाल्या. "तिला सकाळी पेज लागते. सायकल केव्हा देता?"

"बघू."

मग हँडल. सरळ की खाली वळलेलं? मग सीट. मग पायडलला पाय बांधायचे पट्टे, तेही तपकिरी की काळे. बेंगळूरहून मुलगा सौमित्र फोनवर म्हणाला, "बाबा, आईची सायकल परत द्या आणि नवीन घ्या ना." तर पोतनीस म्हणाले, "तुला क्राफ्ट कळत नाही." सगळं निवडून झालं की ते खोके बंडूच्या दुकानात नेत, स्टुलावर बसत आणि बंडूच्या हाताकडे बोट दाखवत.

बंडू वर्ध्याकडचा. जबलपुरात बापाच्या काळापासून. त्याचं सायकलींपेक्षा गिऱ्हाइकांचं ज्ञान दांडगं होतं. तो कुणालाच नाही म्हणत नसे.

"साहेब, ब्रेक काहून काढून राहिले?"

"ब्रेक म्हणजे स्वतःच्या पायांवर अविश्वास, बंडू."

"बरोबर आहे, साहेब."

"मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, सगळं काढ. फालतू वजन आहे."

"बरोबर आहे."

"घंटीसुद्धा."

"घंटीचं तर लयच वजन असते, साहेब."

मागच्या चाकाचं नवं हब, म्हणजे मधला तुंबा, जुन्या फ्रेममध्ये मावेना. बंडूनं मागच्या दोन्ही दांड्या फाकवून ते दामटून बसवलं. हे हब दुहेरी होतं. एका बाजूला जखडलेलं चक्र, दुसऱ्या बाजूला साधं फ्रीव्हील, पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं. चाक काढून उलटं बसवलं की सायकल पुन्हा चारचौघींसारखी.

"मग ही दुसरी बाजू कोणासाठी, साहेब?"

"ती बायकामुलांसाठी," पोतनीस हसले. "तिकडे लक्ष देऊ नको."

रस्त्यापलीकडे ऑटोची वाट बघत प्रमोदिनीबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि त्या ऑटोत बसल्या.

नवरात्र बसलं. चौकाचौकात दुर्गेचे मंडप उभे राहिले, रस्ते अडले. ऑटोवाले कांचघरचं नाव काढताच "उधर नहीं जाएगा, दीदी" म्हणून पुढे निघू लागले. सायकल असती तर बाई गल्लीबोळातून निघून गेल्या असत्या. एका सकाळी त्या अर्धी वाट चालत पोचल्या, तर इंदिराबाई स्वयंपाकघरात गॅसपाशी भिंतीला टेकून बसलेल्या. मनगटावर भाजल्याचा मोठा फोड. चहाचं भांडं जमिनीवर पालथं.

"मला वाटलं तू येत नाहीस आता," म्हातारी म्हणाली. तक्रारीचा सूरही नव्हता त्यात.

संध्याकाळी बाईंनी हे घरी सांगितलं. पोतनीस हँडलला गुंडाळायच्या पट्टीचे रंग बघत होते. "तुझ्या आईंनी जरा दम धरायला पाहिजे होता," ते म्हणाले, आणि मग, "हा मरून बरा की तपकिरी?"

बाईंनी आईसाठी मलमाची ट्यूब पिशवीत टाकली. त्या दिवसापासून त्यांनी सायकलीचा विषय काढला नाही. पोतनीसांना वाटलं, पटलं हिला.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सायकल तयार होऊन आली. आता कुठल्याही शहाण्या माणसानं ती आधी गल्लीत चालवून बघितली असती. पण पोतनीस घराण्यात नवमीला शस्त्रं पुजली जातात. घरात तलवारीऐवजी विळी, पेचकस आणि वीज खात्याचा जुना टेस्टर एवढाच शस्त्रसाठा असला तरी पुजली जातात. यंदा सायकल मध्यभागी. दातेरी चक्राला हळदकुंकू, हँडलला झेंडूची माळ. पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. आणि पहिली फेरी दसऱ्याला, सीमोल्लंघनालाच काढायची, असं त्यांनी गटात सांगून ठेवलेलं. इतके दिवस पारखून घेतलेल्या सायकलीवर ते बसले ते थेट दसऱ्याच्या संध्याकाळी. अंगात कडक इस्त्रीचा झब्बा, खाली घोळदार पांढरा लेंगा, पाय पट्ट्यांत बांधलेले.

"मी पुढे होतो. तू सोनं घेऊन ये मंडळात," ते म्हणाले. बाई आपट्याच्या पानांचं ताट घेऊन पायी निघाल्या.

ओमतीकडे रस्ता उतरतो. तिथे सायकलीनं वेग घेतला आणि पायडलं पोतनीसांचे पाय फिरवू लागली. सवयीनं त्यांनी पाय थांबवायला बघितले. पाय थांबले नाहीत. सवयीनं ब्रेक चाचपला. ब्रेक बंडूच्या खोक्यात होता. लेंग्याच्या उजव्या पायाचा घोळ चेनमध्ये गेला आणि चक्र तो घासासारखा गिळत निघालं. रस्त्याच्या कडेला एक फुलवाली चादरीवर झेंडूचा ढीग लावून बसली होती. पोतनीस सायकलीसकट त्या ढिगात आडवे झाले.

"अरे दादा! पूरा गेंदा कुचल दिया!"

बाई पोचल्या तेव्हा ते फुलांत पडून होते. डावा पाय कसाबसा पट्ट्यातून सुटलेला, उजवा गुडघ्यापर्यंत सायकलीला शिवल्यासारखा. लागलं काही नव्हतं. ओढलं की कापड आणखी आत जाई. भोवती मंडपाकडे निघालेली गर्दी थांबून बघत होती.

"अगं, बघतेस काय! काढ लवकर. बापूसाहेबांची गाडी इथूनच येईल."

बाईंनी ताट खाली ठेवलं आणि फुलवालीकडून दोरा कापायची कात्री मागून घेतली. चादरीच्या कडेला उकिडव्या बसल्या.

"उद्या सकाळी दुकान उघडताच सायकल बंडूकडे जाईल."

"अगं, आता काय ते? काप आधी!"

"चाक उलटं बसवायचं. बायकामुलांच्या बाजूनं. ब्रेक दोन्ही. कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड, घंटी. मग सायकल माझी. पुन्हा हात लावायचा नाही."

"बघू ना, घरी जाऊन—"

बाईंनी कात्री फुलवालीला परत केली. "लो बहन," म्हणाल्या, आणि ताट उचललं.

"प्रमोदिनी! अगं ए! बरं. बरं म्हणतोय ना."

"काय बरं?"

"तू म्हणतेस ते सगळं."

"मोठ्यानं म्हणा. आईला भाजलं तेव्हा मीही मोठ्यानंच सांगितलं होतं."

ते मोठ्यानं म्हणाले. फुलवालीला मराठी येत नव्हती, तरी ती हसली. बाईंनी कात्री पुन्हा घेतली आणि लेंगा गुडघ्याखाली चांगला गोल कापला. चिंध्या चेनमध्येच राहिल्या. तेवढ्यात बापूसाहेबांची गाडी आली, काच खाली झाली.

"काय शरदराव, सोनं लुटायचं सोडून फुलं लुटताय?"

पोतनीस एका पायावर लेंगा आणि एका पायावर नडगी घेऊन उभे होते. "ट्रायल घेत होतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः सायकल ढकलत बंडूकडे गेल्या. दातांची चर्चा झाली नाही. बंडूनं चाक काढलं, चिंध्या उपसल्या, चाक फिरवून लावलं.

"हँडल हेच राहू द्यायचं का, काकू? झुकावं लागते यात."

"माझं जुनं लाव."

"बरोबर आहे," बंडू म्हणाला.

पुढल्या आठवड्यात चौकात बापूसाहेबांनी बाईंना थांबवलं. "वहिनी, नशीबवान आहात! शरदराव सांगत होते, खास तुमच्यासाठी एकेक पार्ट निवडून सायकल बनवून दिली म्हणे."

"हो," बाई म्हणाल्या. "ब्रेक तेवढे मी निवडले."

त्यांना उशीर होत होता. घंटी वाजवून त्या गर्दीतून निघाल्या. उतार लागला तसे पाय थांबवले आणि घरघरत्या सायकलीवर नुसत्या बसून राहिल्या, थेट कांचघरच्या वळणापर्यंत. दारात घंटी पुन्हा वाजली तेव्हा इंदिराबाई अजून खाटेवरच होत्या.

"केवढा उशीर," म्हातारी म्हणाली, आणि उठवण्यासाठी हात पुढे केला.