पुलाच्या मधोमध पदक

बेरिल गारबटला राजाचं पदक जाहीर झालं तेव्हा ती गावच्या हॉलमध्ये चहाचा बंब घासत होती, आणि बातमी घेऊन धावत आलेल्या शेजारणीला तिने आधी पाय पुसायला लावले. स्वभावच तसला! दर बुधवारी त्या हॉलमध्ये गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिने वर्षानुवर्षं गरमागरम वाढलं. ताटात वाटाणे टाकणाऱ्या एका निवृत्त मेजरला सगळ्यांदेखत झापलंही, पण उपाशी कुणाला जाऊ दिलं नाही. पदक त्याचंच.

पदक द्यायला राजा स्वतः थोडाच येतो! त्याच्या वतीने त्या त्या परगण्याचा लॉर्ड लेफ्टनंट येतो, तलवार लटकावून. आता आमच्याकडची गंमत बघा. टीज नदीच्या दोन्ही काठांचा कचरा एकच नगरपालिका उचलते, पण राजाचे प्रतिनिधी मात्र दोन. दक्षिण काठाला यॉर्कशायरचे, उत्तर काठाला डरहॅमचे. हद्द नदीच्या बरोब्बर मधून.

बेरिलचं घर दक्षिणेला. तिचा नवरा डेरेक मात्र, पाय अधू झाल्यापासून, उत्तरेकडच्या वृद्धाश्रमात. दक्षिणेकडच्या आश्रमांत जागाच मिळेना, करणार काय? डेरेक पक्का यॉर्कशायरचा. आपल्याला डरहॅममध्ये आणून टाकलं याचा राग तो रोज तिथल्या चहावर काढायचा.

"पाणीच बेचव इथलं," तो म्हणायचा.

"अरे बाबा, दोन्हीकडे एकाच धरणाचं पाणी येतं!" रोज त्याला भेटायला जाणारी बेरिल म्हणायची.

"नदी ओलांडताना बिघडत असेल."

त्याला गाडीत बसवायची डॉक्टरांची सक्त मनाई. म्हणजे हॉलमधल्या समारंभाला तो येणं शक्यच नव्हतं. आणि डेरेकने बघितलं नाही तर त्या पदकाला काय चाटायचंय? बेरिलने तडक लेफ्टनंटच्या कचेरीत फोन लावला.

"बाई, नदीपलीकडे आमचे साहेब राजाचे प्रतिनिधी नसतात," कारकून म्हणाला. "तिथे ते नुसते पाहुणे. वृद्धाश्रमातच हवं असेल तर डरहॅमचे साहेब येतील. आनंदाने येतील."

"डरहॅमच्या हातून घेऊ?"

"राजा एकच आहे ना, बाई."

"राजा एकच असेल हो. हात डरहॅमचा!"

डेरेक तर तिच्याही वरताण निघाला. "त्या लोकांनी पदक लावलं तर मी डोळे मिटून घेईन, आधीच सांगून ठेवतो."

"आणि हॉलमध्ये घेतलं तर तू काय उडत येणारेस?"

"नाही येत. फोटो दाखव मला."

बेरिलला रडू फुटलं. तिने पिशवीत काहीतरी शोधायचं निमित्त केलं.

वाट काढली ती वृद्धाश्रमाच्या सिस्टरने. वृद्धाश्रम पुलाला लागूनच होता. "खुर्ची मी पुलाच्या मध्यापर्यंत ढकलत आणते," ती म्हणाली. "पण त्याच्यापुढे नाही. पलीकडचा उतार असला भयंकर आहे, की खुर्चीबरोबर मीही नदीत."

कारकुनाने नकाशे धुंडाळले, दोनदा पुलावर येऊन गेला आणि शेवटी हद्दीवर खडूने आडवी रेघ मारली. ठरल्या दिवशी वारा असा सुटला की लेफ्टनंटसाहेब एका हाताने टोपी आणि दुसऱ्याने तलवार धरूनच पूल चढले. बरोबर रेघेपाशी थांबले. पलीकडे खुर्चीत डेरेक, गळ्यात टाय. मागे बस खोळंबली होती, आणि आतली माणसं खिडक्यांना नाकं लावून बघत होती.

साहेबांनी राजाच्या वतीने चार शब्द वाचले. वाऱ्यात त्यातला एकही कुणाला ऐकू आला नाही. मग पदक लावायची वेळ आली, तर टाचणी बेरिलच्या जाड कोटात शिरेना.

"दाबा की जरा, साहेब! फुटायला मी काय फुगा आहे?"

शेवटी एकदाची टाचणी बसली. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेरिल वळली आणि डेरेकसमोर ताठ उभी राहिली. डेरेकचे डोळे टक्क उघडे होते आणि भरून वाहत होते.

"नीट बघू दे," तो म्हणाला. "जवळ ने गं मला, सिस्टर."

सिस्टरने खुर्ची वीतभर पुढे सरकवली. पुढची चाकं रेघेच्या अलीकडे यॉर्कशायरात आली मात्र, डेरेकने खटकन ब्रेक लावला.

"झालं आजोबा, चला आता मागे."

"नाही जायचं."

बसवाल्याने हॉर्न दिला. कारकून घड्याळ बघायला लागला.

"डेरेक, तमाशा नको करूस. लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत." त्याने तिचा हात गच्च धरला. "रोज संध्याकाळी तू कोट घालतेस आणि या पुलावरून निघून जातेस. मी खिडकीतून बघत बसतो, बेरिल. मला नाही आवडत ते."

चहाला शिव्या देणारा माणूस हे कधी बोलला नव्हता. बेरिलने नाक पुसलं आणि ती सिस्टरकडे वळली.

"काय हो, दोघांची खोली असते का तुमच्याकडे?"

"असते की."

"बेरिल!" डेरेक ओरडला. "डरहॅममध्ये राहणार तू?"

"राहीन. पण चहा मी करणार," ती म्हणाली, आणि खाली वाकून तिने ब्रेक सोडला.