बोट कुणाचं?

मोठी काकू पुस्तकं शिवायची. वाचायची नाही, शिवायची. छापखान्याच्या मागच्या खोलीत लांब टेबलाशी बायका ओळीने बसत, घड्या घातलेले छापील कागद सुईदोऱ्याने एकमेकांना जोडत आणि पुस्तक बांधून होई. घड्या घालायचं काम माझ्याकडे होतं. त्या ओळीत मोठ्या काकूचा हात सगळ्यांत चपळ. शेजारी तिची जाऊ, म्हणजे माझी धाकटी काकू, सगळ्यांत संथ, कारण तिचा अंगठा आखडला होता. तो आखडला तोही तिथेच, वर्षानुवर्षं सुई दाबून. हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी एका कादंबरीवर लोकांच्या उड्या पडत होत्या. नायक लंगडणाऱ्या मित्राला बर्फात सोडून पुढे निघून जातो आणि लेखकमहाशय पानंच्या पानं समजावतात की हीच उत्क्रांती; लायक टिकणार, दुबळे गळणार. ज्या शास्त्रज्ञाने पक्ष्यांच्या चोची न्याहाळण्यात डोळे शिणवले, त्याने मित्राला टाकून जा असं कुठेही सांगितलेलं नाही. पण समीक्षकांनी माना डोलावल्या. जीवनाचं प्रखर दर्शन म्हणे! मी वाचली आहे ती कादंबरी. आजही आठवली की डोकं तापतं.

ती शिवायला आली आमच्याच छापखान्यात आणि भिनली मालकाच्या मुलाच्या डोक्यात. वडिलांच्या खुर्चीत तो नुकताच बसला होता. त्याने फर्मान काढलं: शनिवारी जिच्यापुढे सगळ्यांत कमी पुस्तकं, तिने सोमवारी यायचं नाही.

"यात माझं काही नाही," तो म्हणाला. "निसर्गाचा नियमच आहे."

बायकांनी त्याचं नाव ठेवलं उत्क्रांतीसाहेब आणि जेवणाच्या सुट्टीत पोट धरधरून हसल्या. पहिल्याच शनिवारी कोपऱ्यातली खोकणारी म्हातारी गेली. मग कुणी हसेना. पुढची पाळी धाकट्या काकूची, हे उघड होतं. धाकटे काका अंथरुणाला खिळलेले, तिचा सगळा संसार तिच्या एकटीच्या पगारावर चाललेला.

घरी मोठी काकू भांडी आपटत होती. "हिच्या उरावर पाय देऊन मी लायक ठरू? थुंकते मी असल्या लायकीवर!"

पुढच्या शनिवारी टेबलाखालून पुस्तकं सरकू लागली. जिची जास्त झाली तिने डावीकडे द्यायची, डावीकडचीने पुढे. संध्याकाळी साहेब मोजायला आले, तर सगळ्यांचे ढीग सारखे. पुन्हा मोजले. तरी सारखेच.

"ही लबाडी आहे!"

"लबाडी कसली, साहेब?" मोठी काकू म्हणाली. "आम्ही सगळ्याच लायक निघालो."

कुणीतरी खुदकन हसलं. तो लाल झाला आणि त्याने धाकट्या काकूकडे बोट रोखलं. "तू! सोमवारपासून यायचं नाहीस."

मोठी काकू उठली. आता साहेबबिहेब काही उरलं नाही.

"आता कसा खरं बोललास! इतके दिवस निसर्गाच्या आड लपत होतास. निसर्गाला बोट नसतं रे, हे बोट तुझं आहे. याच टेबलाखाली रांगत होतास तू. आई आजारी, बाप कामात. धड उभंही राहता येत नव्हतं तुला. मग का नाही टाकलं तुला कुणी? तेव्हा कडेवर कोण घ्यायचं, माहीत आहे? हीच. एका हाताने तुला धरायची आणि दुसऱ्या हाताने शिवायची. तेव्हाही हिची पुस्तकं कमीच व्हायची!"

धाकटी काकू खाली मान घालून अंगठा चोळत राहिली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, निदान बोट तरी खाली येईल.

आलं नाही. दोघी जावा बरोबरच बाहेर पडल्या. बाकीच्या बसून राहिल्या. त्यांच्याही घरी खाणारी तोंडं होती, त्यांच्यावर माझा राग नाही.

कादंबरीची पुढची आवृत्ती ठरल्या दिवशी बाजारात आली.