झोळीला हुक हाय का?

नांदेड अन् लातूर या दोन जिल्ह्यांत असा एकही लॉज नसंल ज्याच्या बादलीत आमच्या आत्यांनी डोकावून बघितलं न्हाई. हे मी उगं म्हणत न्हाई. बाकीची माणसं लॉजवर गेली की आधी पलंगावर बसतात, पंखा लावतात, टीव्ही लागतो का बघतात. आत्या चपला काढायच्या आधी मोरीत जायच्या अन् बादली उलटी करून बोटानं वाजवायच्या. तळाला चीर असली की आवाज बद्द येतो म्हणायच्या. मग उशीचा वास घ्यायच्या, मग खिडकीचे गज एकेक हलवून बघायच्या, अन् सगळ्यात शेवटी मान वर करून छताकडं बघत उभ्या राहायच्या, इतका वेळ की लॉजचा मालकही घाबरून वर बघायचा, पाल हाय का काय म्हणून. "झोळीला हुक हाय का?" आत्या इचारायच्या. नसला की एक चांदणी कापली.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची लांबची बहीण, चाकूरला दिलेली. आमच्या सगळ्या भावकीत कुणाला कुठं मुक्कामाला जायचं असलं की सोबत म्हणून आत्या. कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाच्या पोरीची लातूरला परीक्षा हाय, कुणाच्या डोळ्याचं आपरेशन, आत्या पिशवी घेऊन फाट्यावर उभ्या. पिशवीत दोन जुन्या सुती साड्या, सुतळीचा गुंडा, ओव्याची पुडी अन् मोठा फोन. त्या फोनमध्ये नकाशा असतो, त्यात लॉजच्या नावाखाली लोक लिहितात, चांगला हाय, वाईट हाय, अन् पाचपैकी तारे देतात. आत्यांना लिहायला जमायचं न्हाई, त्या बोलायच्या अन् फोन आपला आपण लिहून घ्यायचा. ताऱ्यांना त्या चांदण्या म्हणायच्या.

माझी अन् त्यांची गाठ पडली ती माझ्या लेकीच्या पायांमुळं. ती जन्मली तेव्हा दोन्ही पावलं आत वळलेली. सासू म्हणल्या ग्रहणात बाहेर गेलीस, मी म्हणलं न्हाई हो गेले, पण माझं कोण ऐकतं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं घाबरू नका, दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, पावलं हळूहळू सरळ होतात. पण जुनं प्लास्टर सकाळी कोमट पाण्यात भिजवून, सोडवून, लवकर रांगेत यायचं. आमचं गाव उमरीच्या पुढं आत, तिथून सकाळची गाडी वेळेवर पोचत न्हाई, म्हणून आदल्या दिवशी मुक्काम. हे हैदराबादला फरशीच्या कामावर, सासूला दिसत न्हाई, अन् मी सातवी शिकलेली, लग्नाआधी एकटी कधी एसटीतसुद्धा बसले न्हाई. मला सगळ्याचंच भ्या वाटायचं, लिफ्टचं, पॅसेजमधून जाणाऱ्या माणसांचं, डॉक्टर काय बोलले ते मला कळलं न्हाई हे डॉक्टरला कळंल याचं. सासऱ्यांनी चाकूरला फोन लावला अन् दुसऱ्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर आत्या हजर. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "एवढी का थरथरून राहिली गं? पाय तिचे वाकडे हायेत, तुझे न्हाईत."

स्टेशनच्या मागल्या लॉजवर गेलो. आत्यांनी मला पॅसेजमध्ये उभं केलं अन् आतून कडी लावली. "ढकल," आतून आवाज आला. मी हळूच ढकललं. "अगं तू पाहुणी न्हाईस, चोर हायस. चोरावाणी ढकल!" मग मी खांद्यानं धडक दिली, समोरच्या खोलीतले एक म्हातारे चहा हातात धरून बाहेर आले अन् बघतच राहिले. कडी टिकली. मग छताची पाळी. मालक खालून वर आला.

"आत्याबाई, लॉजमध्ये झोळीला हुक कोण इचारतं हो?"

"लेकराची माय इचारती. तुमी काय पलंगावर वाढलाव?"

"मंग गादीवर झोपवा की."

"तिच्या दोनी पायाला प्लास्टर हाय दादा. गादीवर ती उताणी पडती अन् रडती. झोळीत पाय वर राहतेत. पंख्याला बांधू का?"

मालक एकदा पंख्याकडं बघून खाली गेला. आत्यांनी एक साडी खिडकीच्या गजाला अन् पलंगाच्या पायाला अशी काही बांधली की माझी लेक तिरकी, पण शांत झोपली. सकाळी सहाला बादलीत कोमट पाणी, त्यात लेकीचे पाय, मी एका हातानं तिला धरलेलं अन् दुसऱ्या हातानं प्लास्टरचं टोक शोधून राहिले, माझं अंग घामानं भिजलेलं, अन् आत्या मोरीच्या दारात उभ्या राहून फोनला सांगून राहिल्या. ते नंतर मी वाचलं. लिहिलं होतं, "हाटील स्टेशनच्या मागं हाय. खोली नंबर सात मागावी, सहा मागू नये, सहाच्या खिडकीला गज न्हाई. बादली मोठी हाय. गरम पाणी सहाला येतं पण आधी दहा मिनिटं थंड येतं, घाबरू नये, ए पोरी तिचा उजवा पाय धर की. कडी आतून पक्की लागते. मालक नजर खाली ठेवून बोलतो. लेकरू घेऊन एकटी बाई आली तर राहावं. चार चांदण्या. हुक न्हाई म्हणून एक कापली."

तिसऱ्या आठवड्याला गेलो तर मालकानं सातव्या खोलीत हुक ठोकलेला. लोक म्हणे ते वाचून खोली नंबर सातच मागून राहिले, सहा कुणी घेईना. "आता वाढवा आत्याबाई आमची चांदणी," तो म्हणला. आत्यांनी आधी त्या हुकाला भरलेली बादली टांगली, बादलीखाली त्यालाच उभं केलं, अन् मग वाढवली.

मधेच भावकीतलं एक लगीन लातूरच्या बाहेर एका रिसॉर्टमध्ये होतं. तिथं आत्या अन् मी एका खोलीत. मला ती खोली बघून रडूच आलं, इतकी पांढरी होती, लेकीनं काही केलं तर कसं. पलंगावर टॉवेलचं बदक करून ठेवलेलं. आत्यांनी त्याची मान धरून उलगडलं अन् लेकीचं तोंड पुसलं. मोरीत बादली न्हाई. आत्या तशाच खाली गेल्या, मी मागं लेकीला कडेवर घेऊन.

कोट घातलेले साहेब म्हणले, "मॅडम, आपल्याकडं शॉवर आहे. बादली कुणी मागत नाही."

"लेकराचं ढुंगण शॉवरखाली धरता का तुमी तुमच्या घरी?"

साहेबांनी बादली आणून दिली, कुंड्यांना पाणी घालायची होती, पण वाजवल्यावर आवाज चांगला आला. हुकाचं मात्र जमंना, छत सगळं खोटं, पुठ्ठ्याचं. मग आत्या बाहेर फिरून आल्या. नवरानवरीच्या फोटोसाठी फुलं लावून एक झोपाळा उभा केलेला, त्याच्या वरच्या दांड्याला आत्यांनी झोळी बांधली. माझी लेक झेंडूच्या माळांत झोपली. फोटोवाला आला, नवरी आली, नवरदेव फेटा सावरत आला. आत्या बोट ओठावर ठेवून म्हणल्या, "लेकरू उठलं की काढा. तवर जेवून घ्या." अन् खरंच जेवून आले ते सगळे.

तिथंच ती गोष्ट झाली. जेवताना कुणीतरी उदगीरची बाई आत्यांना म्हणली, "तुमची थोरली न्हाई का आली?" आत्यांच्या शेजारी त्यांचे यजमान बसलेले, आमी त्यांना मामा म्हणतो. मामा पुरीचा तुकडा मोडत म्हणले, "आमाला एकच हाय, पोरगा." अन् पुढं जेवत राहिले. आत्या उठल्या अन् झोपाळ्याकडं जाऊन झोळीला झोका द्यायला लागल्या, लेक तर झोपलेलीच होती.

त्या रिसॉर्टला आत्यांनी दोन चांदण्या दिल्या. पोहायच्या तळ्याला कठडा न्हाई, लेकराला धोका हाय, असं सांगितलं. अन् तिथंही शेवटी तेच, लेकरू घेऊन एकटी बाई आली तर रस्त्याकडची खोली मागावी, घाबरू नये.

मला इतके दिवस वाटायचं ते घाबरू नये माझ्यासाठीच हाय. पुढच्या आठवड्यात नांदेडला सात नंबरमध्ये मी हसत हसत म्हणलं, "आत्या, मी तर तुमच्यासंगं हाय, मंग एकटी बाई, एकटी बाई कुणाला सांगून राहिलाव?" आत्या सुतळी गुंडाळत होत्या. म्हणल्या, "हाय एक." मग सुतळी गुंडाळता गुंडाळता सगळं सांगितलं. त्यांची थोरली बापाला न पटलेल्या घरी लगीन करून गेली, तीन वर्षं झाली. मामांनी नाव काढायचं न्हाई म्हणून सांगितलं, तिचा नंबर बदलला, तिला पोरगी झाली एवढं मागं कुणाकडून तरी कळलं. आत्यांचा फोन मामा रोज संध्याकाळी हातात घेऊन बघतात, कुणाचा आला, कुणाला लावला. पण नकाशात काय असतं ते मामांना म्हाईत न्हाई.

"लेकरू म्हणलं की दवाखाना आला, मुक्काम आला," आत्या म्हणल्या. "नवरा कामावर असंल. एकटीच निघाली तर कुठं राहील ती? फोनमध्येच बघंल ना? मंग माझंच वाचंल. माझं बोलणं वळखंल ती." खाली आंगठ्याचं चित्र असतं, वाचणाऱ्याला ते कामाचं वाटलं तर दाबायचं. नाव दिसत न्हाई, नुसता आकडा दिसतो. आत्यांचे सत्तावीस लॉज, अन् सगळ्याखाली आंगठा शून्य.

त्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत बसून मी माझ्या फोनवर ते सात नंबरचं काढलं अन् आंगठा दाबला. असंच, मला त्याचा उपयोग झाला होता म्हणून. मग वाटलं काही चुकलं, परत दाबलं, तर एकाचं शून्य झालं. मी इतकी घाबरले, जणू त्या पोरीलाच घराबाहेर घालवलं, पुन्हा दाबलं, एक झाला, अन् फोन पिशवीत खाली ढकलून दिला.

दुसऱ्या दिवशी चाकूरहून फोन. आत्या कुजबुजून बोलून राहिल्या. "पोरी, सात नंबरला एक आला."

"काय आला आत्या?"

"आंगठा गं! नांदेडात हाय म्हण की ती. दुसरं कोण दाबंल?"

मी सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं अन् म्हणलं, "हाव आत्या." पुढच्या मुक्कामाला त्यांनी नवी साडी आणली होती झोळीला, मऊ, निळी. स्टेशनवर लेकरू घेतलेली कुणी बाई दिसली की आत्या थांबायच्या, तोंड बघायच्या, अन् मग चालायच्या. मी मागं मागं, गुन्हा केल्यावाणी.

प्लास्टर संपले. लेकीची पावलं सरळ झाली, आता तिला दांडीचे बूट हायेत, दोन बुटांच्या मधी लोखंडी पट्टी असते. ते लातूरला बनतात, दर तीन महिन्यांनी माप. या वेळी आत्यांचे गुडघे गेले, त्या पलंगावरून उठत न्हाईत. म्हणल्या, "तू जा." मी म्हणलं, "एकटी?" त्या म्हणल्या, "एकटी कशी? लेक हाय की."

गेले. दुपारी लॉजवर पोचले, काउंटरवरच्या माणसाला काय इचारायचं ते तीन वेळा मनात म्हणलं अन् चौथ्यांदा तोंडातून निघालं, "झोळीला हुक हाय का?" त्यानं वहीतून मान वर केली. म्हणला, "हाय ना ताई, चार नंबरला. चाकूरच्या एका बाईनं आमची चांदणी कापली होती."

मी बादली वाजवली. कडी लावून मीच बाहेर, मीच आत कशी होणार, म्हणून आतूनच ओढून बघितली. आत्यांनी मागंच माझ्याकडं ठेवलेली निळी साडी बांधली. बुटाची पट्टी आडवी अडकायची, झोळी रुंद ठेवावी लागली, हे आत्यांनाही म्हाईत नव्हतं. लेक झोपली. बाहेर बसचा आवाज, खोलीत मी अन् तिचा श्वास, अन् मला पहिल्यांदा कळलं की आत्या इतकं का बोलायच्या त्या फोनशी.

मग मीही बोलले. आवाज फुटत नव्हता, फोननं दोनदा इचारलं. म्हणलं, "खोली नंबर चार. बादली चांगली. हुक हाय, पण बूट घातलेलं लेकरू असंल तर झोळी रुंद बांधावी. कडी पक्की. आत्याचे गुडघे दुखतेत म्हणून आता मी सांगून राहिले. ताई, तुमी चाकूरच्या असाल अन् हे वाचत असाल तर खाली आंगठा दाबा. बोलू नका काही. नुसता दाबा, मी तुमच्या माईला सांगते. घाबरू नये." पाच चांदण्या दिल्या.

घरी आल्यावर आत्यांना फोन लावला, मामा शेतात असतात त्या वेळेला. सगळं सांगितलं. अन् मग म्हणलं, "आत्या, सात नंबरचा आंगठा माझा होता."

 तिकडं कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं आता ठेवतील फोन, परत बोलणार न्हाईत.

"मंग तिचा यायचाच हाय म्हण की," आत्या म्हणल्या.

"तुमी रागावलाव का?"

"न्हाई गं." मग म्हणल्या, "तू लातूरला लिहिलंस, तिथं आला का काही?"

"अजून न्हाई आत्या. शून्य हाय."

"घाई न्हाई," त्या म्हणल्या. "लेकुरवाळी हाय ती. हात मोकळा नसंल तिचा."