आजारी कोरल आणि दादांची तीन वाक्यं

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मायक्रोस्कोपखाली दिसेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा... कुणी अंगारे-धुपाऱ्यांच्या गोष्टी सांगू लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते. तरी हे लिहितेय, कारण घडलं तेव्हा मी स्वतः तिथे होते — रविवारी, सकाळी अकराला, लख्ख उजेडात.

हिंगोलीत स्टेशनच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉलमध्ये माझा मासे आणि प्रवाळांचा, खाऱ्या पाण्याचा काचेचा टँक आहे. समुद्र इथून कुठल्या कुठे, त्यामुळे आरओच्या पाण्यात खास मीठ कालवून तो मीच तयार करते. उन्हाळ्याच्या तोंडावर मी पुण्याहून हॅमर कोरल जातीचं प्रवाळ मागवलं. हातोडीसारख्या टोकांचा, पाण्यात डुलणारा जीव. पण आठवडा झाला तरी ते उघडेना. टोकं आत ओढलेली, आणि कडेचं मांस सुटून पांढरा सांगाडा दिसू लागलेला.

मी हट्टालाच पेटले. पाण्याचा खारटपणा मोजला — बरोबर. तापमान, क्षार, नायट्रेट — सगळं बरोबर. लाइट कमी केला, पंपाचं तोंड फिरवलं, टँकमधल्या दगडांत जागा बदलली... काही फरक नाही. किडीची शंका नव्हती. आल्या दिवशीच ते औषधाच्या पाण्यात बुडवून, भिंगातून बघून मगच टँकमध्ये सोडलं होतं.

माझा नवरा गणेश वैतागला. "काहून जिवाला लावून घेऊन राहिली? काढून टाक, बाकीचे तरी वाचतील."

"न्हाई काढणार," मी म्हटलं.

माझे सासरे, दादा, आमच्याकडेच असतात. डोंगरकड्याजवळच्या गावात त्यांनी जन्मभर शेळ्या-मेंढ्या राखल्या. पॅरालिसिसच्या झटक्यात उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. अकरा महिन्यांत एक शब्द नाही. मोतीबिंदूमुळे दिसायलाही अंधूकच. दिवसभर टँकशेजारच्या खुर्चीत बसून असतात.

त्या रविवारी मी पुन्हा पाणी तपासत होते. दादांनी डावा हात उचलला आणि काचेवर टेकवला — आजारी शेळीच्या पोटाला लावावा तसा, अलगद. आणि बोलले.

"खालून खातंय त्याला. डाव्या अंगाला. दगडाकडं बघ."

गणेश आंघोळ करून येत होता, तो दारातच थांबला. "दादा? दादा, काय म्हनलात?"

दादांनी हात काढून मांडीवर ठेवला.

गणेश त्यांच्या पायाशी बसून रडत होता. मी मात्र... खरं सांगते, मी बाही वर करून टँकमध्ये हात घातला. कोरल बाहेर काढलं. दगडाला टेकलेली बाजू, अगदी बुडाशी, डावीकडे — भिंगाखाली अंड्यांचा पुंजका आणि दोन चपटे किडे. मांसाच्याच रंगाचे, जवळजवळ पारदर्शक. समोरून ही बाजू मलासुद्धा दिसत नव्हती!

अंडी खरवडली, ब्रशने घासली, पुन्हा औषध. दर पाच-सहा दिवसांनी हेच, महिनाभर. एका मंगळवारी लॅबमधून घरी आले तर कोरल पूर्ण उघडून डुलत होतं. मी चप्पलसुद्धा न काढता बघत उभी राहिले.

डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर एखादं वाक्य असं अचानक येऊ शकतं. मान्य. पहिल्या औषधातून किडे मेले तरी अंडी वाचतात, तेही मान्य. पण दगडाला टेकलेल्या बाजूचं दादांना काचेबाहेरून कसं कळलं?

त्यानंतर दादा बोललेले नाहीत. मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसते. "पाणी म्हणा, दादा... शेळी म्हणा." ओठ हलतात, आवाज येत नाही. पण मी सोडणार नाही. ते बोलू लागतील त्या दिवशी त्यांना काय विचारायचं, ते माझं ठरलेलं आहे.