मामाजींची मोजणी

मामाजींचा माणसांवर भरवसा नव्हता, आणि पाण्यावर तर मुळीच नव्हता. आमच्या पतसंस्थेच्या कुटुंब शिबिराला कुणी नवं आलं, की नाव विचारण्याआधी ते विचारत, "पोहता येते का?" समोरचा "हो" म्हणाला की त्यांचे डोळे बारीक होत. "नाही म्हननारा काठावरच राह्यते. मले भेव वाटते ते हो म्हननाऱ्याचं."

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. शिबिरात ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, तरी नवरा, बायको, पोरं, सगळेच त्यांना मामाजी म्हणत. दिवाळीनंतर, धानाची कापणी सुरू असताना, तिरोड्याकडच्या एका तलावाच्या काठी आम्ही वीसेक कुटुंबं चार दिवस ताडपत्रीच्या तंबूंत राहायचो. चूल एक, भात शिजवायचा गंज एक. पोरांना वाढण्याआधी वरण मामाजी स्वतः चाखत. अंथरुणं आम्ही झटकलेली असली तरी विंचवाच्या धास्तीने ते पुन्हा झटकत. माझी बायको एकदा चिडली, "मामाजी, मी आत्ताच झटकलं ना!" ते म्हणाले, "झटकलं असन बाई. मी का पाहून राह्यलो होतो?"

सगळ्यात जाचक नियम चपलांचा होता. तलावात उतरणाऱ्याने, मग तो पाच वर्षांचा असो की पन्नासचा, काठावर आखलेल्या रेघेवर आपली चप्पल काढायची आणि बाहेर आल्यावर लगेच घालायची. जितके जोड रांगेत, तितकी माणसं पाण्यात. मामाजी मोहाच्या झाडाच्या सावलीत उकिडवे बसून एकदा रांगेकडे आणि एकदा पाण्यातल्या डोक्यांकडे बघत. कुणी टोमणा मारला, "मामाजी, चपलांवर पहारा काऊन?" तर म्हणत, "चप्पल गेली तं गोंदियात दुसरी भेटते."

मला हा नियम अपमानाचा वाटायचा. तेव्हा मी पस्तिशीचा होतो, एका मुलीचा बाप. म्हाताऱ्याला घरी कुणी विचारत नसेल, म्हणून इथे येऊन हुकूम चालवतो, असं मी चारचौघांत बोललोही होतो. ते त्यांच्या कानावर गेलं असेल का, या शंकेने मी त्यांच्यापासून दूर दूर राहायचो.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी दुपारी मला सिगारेटची तलफ आली. शिबिरात बंदी होती, आणि बायकोला मी सिगारेट सोडल्याचं सांगितलं होतं. मी रांगेत चप्पल काढली, कमरेइतक्या पाण्यात उतरलो आणि मामाजी एका पोराला दटावत असताना बेशरमाच्या झुडपांआडून पलीकडे निघालो. अनवाणीच तलावाच्या पाळीमागे, बांधापलीकडे गेलो. चप्पल रांगेत दिसते म्हणजे मी पाण्यात आहे, असं त्यांना वाटावं, हाच माझा डाव होता.

परत आलो तेव्हा काठावर पळापळ चालली होती. सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं होतं, आणि "एक जोड उरला! एक जोड उरला!" असं ओरडत मामाजींनी कपड्यांसकट उडी मारली होती. ते वर यायचे, हातात गाळ आणि शेवाळ असायचं, पुन्हा खाली जायचे. सगळ्यांच्या नजरा पाण्यावर होत्या. मी रांगेपाशी आलो, चपलेत पाय घातले आणि गर्दीत उभा राहिलो.

शेवटी दोघांनी उड्या मारून त्यांना ओढून बाहेर आणलं. डाव्या कानातून रक्त येत होतं. "सगळे आहेत मामाजी, मोजून घ्या." त्यांनी तीनदा मोजलं. मग रेघेकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

"होता," ते म्हणाले. "काळ्या पट्ट्याचा."

निम्म्या पुरुषांच्या पायांत काळे पट्टे होते. कुणीतरी हसलं, "उन्हानं झालं असन, मामाजी." मीही मान हलवली.

तो कान पुन्हा बरा झाला नाही. पुढच्या दिवाळीला आम्ही त्यांना आणायला गेलो, तर म्हणाले, "माही नजर चुकते आता. तुमचे पोरं कायले माह्या भरवशावर टाकता?" जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणारा माणूस आता स्वतःवर घेऊ लागला होता. तो संशय मी पेरला होता.

त्यांच्याशिवाय एकच शिबिर झालं, त्यात पाण्यात कुणी उतरलं नाही. मग रिसॉर्ट आले. आता प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली, मनगटाला रंगीत पट्टी, आणि येताक्षणी एका कागदावर सही, की अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. शेजारच्या खोलीत कोण उतरलंय, हे चार दिवसांत कळत नाही. गेल्या वर्षी तिथल्या तरणतलावाशी बसून मी नकळत मुलं मोजत होतो. एक बाई आली आणि म्हणाली, "अंकल, आप किसके साथ हैं? कब से बच्चों को घूर रहे हैं!" मी उठून खोलीत गेलो. तिचं काही चुकलं नव्हतं.

इतकी वर्षं मला वाटायचं, मामाजींना सगळं कळलंय. लग्नकार्यात भेटले की त्यांची नजर माझ्या पायांकडे जाते, असा मला भास व्हायचा. शेवटी या उन्हाळ्यात त्यांच्या गावी गेलो. ओसरीत खाटेवर बसले होते. उजव्या कानाशी तोंड नेऊन मी सगळं सांगितलं. "तुमची मोजणी बरोबर होती, मामाजी. तो जोड माझा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले.

"तू तिसरा हायेस."

"म्हणजे?"

"दोघं आदी येऊन गेले. एक म्हने चप्पल माही होती, दुसरा म्हने माही होती. म्हाताऱ्याले बरं वाटावं म्हनून. कायले खोटं बोलता बाप्पा? चुकलो तं चुकलो."

मी मुलीची शपथ घेतली. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि सुनेला हाक मारली, "चहा ठेव व. याले साखर जास्त टाक, लय दूरून आला."

चहा पिताना मी त्या दोघांची नावं विचारली. त्या दिवशी उड्या मारून त्यांना बाहेर काढणारे तेच दोघे होते.

पोळ्याच्या आठवड्यात मामाजी गेले, आपली मोजणी चुकली असं समजूनच.