डाव्या कानातली गिटार

तुम्ही दोघा नातवंडांनी तिकडे बसून नव्या रॉक आणि पंक गाण्यांची वेबसाइट काढलीत, तेव्हा माझ्याकडे फक्त तुमचं इंग्रजी तपासायचं काम होतं. माझी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, त्यामुळे ते अवघड नव्हतं. पण गाणं न ऐकता त्यावरचं लिखाण तपासणं मला पटेना, म्हणून ऐकू लागले. ऐकल्यावर तुमची मतं पटेनात. मग तुम्हीच वैतागून म्हणालात, "आजी, तूच लिही."

माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक गाणं तीनदा ऐकायचं. एकदा भाजी निवडताना, एकदा हातात काही न घेता आणि एकदा शब्द समोर ठेवून. आरडाओरडा मला चालतो, आळस चालत नाही. राग असेल तर तो कशाचा आहे ते कळलं पाहिजे. कानात वायर घालून मान हलवताना पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं, "भजनं का हो?" मी म्हटलं, "जवळपास. झांजा आहेत, आणि मागून म्हणणारे आहेत."

चाकणच्या बँडची पहिली चार गाणी तुम्ही पाठवलीत ती मला मनापासून आवडली. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपणाऱ्या माणसावरचं गाणं तर फारच. तसं मी लिहिलंही. पण पुढे हेही लिहिलं, की नावं दोन गिटारवादकांची असून ऐकू एकच गिटार येते. दुसरी लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी दिसते, नाव छापलेलं आणि कामाला कुणी नाही. या वाक्यावर मी खूश होते. तुम्हीही हसलात.

आठवड्याभरानं त्या बँडचा गायक, तुमच्याकडून माझा नंबर घेऊन आणि आधी फोन करून, पिंपळे गुरवला घरी आला. हेल्मेट मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बसला.

"आजी, एक गिटार मी वाजवतो, दुसरी माझी चुलतबहीण वाजवती. कंपनीत क्वालिटीला हाय ती. तुमचं वाचलं आन् गिटार खोळीत घातली. म्हनती, ऐकूच येत न्हाई तर कशापायी वाजवू? रविवारी रावेतला आमचा पहिला कार्यक्रम हाय, आन् ती येत न्हाई म्हनती."

"कुणी घरी आलं म्हणून मी मत बदलत नाही," मी म्हटलं. "पण पुन्हा ऐकते. लाव."

मी नेहमीसारखा इयरफोन उजव्या कानात घातला. तो बघतच राहिला.

"आन् दुसरा?"

"तो लोंबू दे. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात."

"सगळी गाणी अशीच ऐकली व्हय?"

"सगळी."

"आवो आजी, एक गिटार उजवीकडं ठेवलीय, एक डावीकडं! तिची डाव्या कानात हाय!"

मी दुसरा इयरफोन घातला. ती होती. गायक ओरडून दम घ्यायला थांबे तिथे ती हळूच पुढे येई, एखाद्याचं वाक्य पुरं करणाऱ्या शहाण्या माणसासारखी. चारही गाणी मी तीनदा ऐकली. गायकाचे दोन कप चहा झाले. वरण खाली लागलं.

"मला तिच्याकडे घेऊन चल," मी म्हटलं.

"गाडीवर बसाल?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून बसते आहे."

त्यांच्या कांद्याच्या रिकाम्या वखारीत ते सराव करतात. त्यानं फोन केल्यावर ती तिथे आली होती, पण गिटारची खोळ बंदच होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "चूक माझी आहे. मी अर्धं ऐकलं आणि मत पुरं लिहिलं. मला माफ कर."

तिनं विचारलं, "मग आता पुरं ऐकलं?"

"तीनदा."

"कशी वाटली?"

गायक तिच्या मागून मला मान डोलवून खुणावत होता. नुसतं छान म्हटलं असतं तर तिचा रविवार निभावला असता. पण माझं चुकीचं मत तिनं खरं मानलं होतं; आता खोटं गोड बोलणं बरं नव्हतं.

"तीन गाणी उत्तम. चौथ्यात कडव्यानंतर तू उशिरा येतेस."

गायकानं कपाळावर हात मारला. तिच्या भुवया वर गेल्या.

"मी उशिरा? हा पुढं पळतोय! किती डाव सांगितलं ह्याला!" तिनं खर्रकन चेन ओढली. "आजी, हितं बसा. ऐका आता."

उलट्या क्रेटवर बसून मी दोन्ही कानांनी ऐकलं. ते दोघंच वाजवत होते, तरी पत्रा थरथरत होता. खरंच, ती जागेवर होती. हा पळत होता. मी पिशवीतली वही काढून तसं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

"आजी," तो म्हणाला, "मी तुमाला गाडीवरनं आणलं, राव!"

"मीही तुला दोन कप चहा पाजला," मी म्हटलं.

रविवारी ती येणार आहे. तेव्हा सोबतची दुरुस्ती त्याआधी लावा. जुनं वाक्य गुपचूप पुसू नका. ते राहू दे, आणि त्याच्या वर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, परीक्षकानं एकाच कानानं ऐकलं होतं असं छापा. आधीची नऊ परीक्षणंही मी पुन्हा ऐकायला घेतली आहेत. दोघांची माफी मागावी लागेल असं आत्ताच दिसतंय. एकाबद्दलचं माझं मत मात्र दोन्ही कानांनी ऐकूनही तेच आहे.